कॅम्पर व्हॅनची वीज : आधी हिशेब, मग वायर, शेवटी बॅटरी

"साधी इको आहे, मागे गादी टाकली आहे. दोनशे एएचची लिथियम घेतो. एसी चालेल ना?" अशा आशयाचे प्रश्न हल्ली वाचकांकडून सतत येतात. गाडी कधी इको असते, कधी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, पण विचारांचा क्रम बदलत नाही. आधी बॅटरी ठरते, मग ती कुठे बसवायची ते, आणि तिच्यावर काय काय चालवायचं ते सगळ्यात शेवटी. तुम्ही हा क्रम उलटा करा. निम्म्या अडचणी पैसे मोजण्याआधीच सुटतील.

एएच विसरा, युनिट मोजा

दुकानात 'शंभर एएच' ऐकायला भारदस्त वाटतं. १२.८ व्होल्टच्या लिथियम बॅटरीत १०० एएच म्हणजे १२८० वॅट-तास, म्हणजेच महावितरणच्या बिलावरचं जेमतेम सव्वा युनिट. एवढ्या विजेवर घरी आपण काय काय चालवतो ते आठवून बघा, म्हणजे अपेक्षा आपोआप जमिनीवर येतात.

आता एक दिवस मांडू. एप्रिल महिना, गुहागरजवळचा मुक्काम, आई-वडील आणि दोन मुलं. गाडी दिवसभर एका जागी उभी.

- ४०-४५ लिटरचा, १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज : चालू असताना ५० वॅट. उकाड्यात निम्मा वेळ चालतो असं धरलं तर दिवसाला ६०० वॅट-तास
- १५ वॅटचे दोन पंखे, रात्रीचे नऊ तास : २७०
- लॅपटॉप, तीन तास : १५०
- चार मोबाइल : ८०
- एलईडी दिवे : ६०
- मिक्सर, तीन मिनिटं : २५
- पाण्याचा पंप, पंधरा मिनिटं : १२

बेरीज होते साधारण १२००, म्हणजे सव्वा युनिटच्या आतबाहेर. त्यात निम्मा वाटा एकट्या फ्रिजचा आहे. म्हणून बचत करायची तर तिथेच करा. निघण्याच्या आदल्या रात्री फ्रिज घरच्या विजेवर थंड करून घ्या, पाण्याच्या बाटल्या गोठवून आत ठेवा आणि वरून उघडणारा फ्रिज निवडा. पुढून उघडणाऱ्या फ्रिजचं दार उघडलं की थंड हवा पायाशी सांडते आणि मुलं तर ते दार दर दहा मिनिटांनी उघडतात.

या यादीत एक चोर मुद्दाम घेतलेला नाही, तो म्हणजे इन्व्हर्टर. त्याला काहीही जोडलेलं नसताना तो नुसता चालू राहिला तरी सुमारे १५ वॅट खातो, मोठा असेल तर त्याहून जास्त. चोवीस तासांत होतात ३६०. दोन्ही पंखे रात्रभर फिरवून जेवढी वीज लागली नाही, तेवढी ही रिकामी पेटी पिते. म्हणून मोबाइल, पंखे, दिवे, फ्रिज थेट १२ व्होल्टवर घ्या. लॅपटॉपसाठीही गाडीतला टाइप-सी चार्जर मिळतो. इन्व्हर्टरचं बटण मिक्सरपुरतं दाबा आणि लगेच बंद करा.

चहा चालेल, एसी नाही

चहाबद्दल एक गंमत आहे. एक लिटर पाणी उकळायला किटलीला जेमतेम ११०-१२० वॅट-तास लागतात. म्हणजे प्रश्न युनिटचा नाही, करंटचा आहे. १५०० वॅटची किटली इन्व्हर्टरवर लावली की बॅटरीतून सव्वाशेहून जास्त अँपिअर ओढले जातात. १०० एएचच्या बऱ्याच बॅटऱ्यांच्या आतली संरक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, १०० अँपिअरला हात वर करते आणि सगळी गाडी अंधारात जाते. तीच किटली ६०० वॅटची घेतली तर पन्नासेक अँपिअर लागतात. दहा मिनिटं थांबावं लागतं, पण चहा होतो. इंडक्शनचंही हेच गणित. कमी वॅटवर चालवता येत नसेल तर ते घरीच ठेवा.

एसीचं उत्तर मात्र 'नाही' असं सरळ द्यावं लागतं. दिवसभर तापलेल्या पत्र्याच्या गाडीत एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभर सरासरी ५०० वॅटवर चालला, तरी आठ तासांत चार युनिट होतात. २०० एएचच्या बॅटरीत अडीच युनिट असतात, त्यातलेही सगळे वापरायचे नसतात. ज्यांना एसी हवाच आहे त्यांनी रात्री वीज जोडता येईल असा मुक्काम शोधावा. छतावर पॅनल वाढवून हा प्रश्न सुटत नाही, कारण तेवढं छतच नसतं.

बॅटरी निवडताना

बाजारात तुमच्यासमोर साधारण तीन पर्याय ठेवले जातात.

*पाणी घालायची ट्युब्युलर.* घरच्या इन्व्हर्टरची सवयीची बॅटरी, स्वस्त. १५० एएचचं वजन पन्नास-साठ किलो आणि आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरायची. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचं प्रमाण चार टक्के झालं की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. शिवाय घाटातल्या वळणांवर ॲसिड हिंदकळतं. माणसं झोपतात त्या जागेत ही बॅटरी नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

*एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट.* व्हॅनसाठी आज हाच शहाणा पर्याय. ९० टक्क्यांपर्यंत वापरता येते, वजन ट्युब्युलरच्या मानाने खूप कमी आणि तापमान वाढलं तरी इतर लिथियम प्रकारांपेक्षा जास्त सहनशील. 'पेटतच नाही' असं कुणी सांगितलं तर मात्र त्या दुकानातून निघा.

*जुन्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या किंवा रिक्षाच्या पॅकमधून काढलेले सेल.* स्वस्तात दोन-तीन युनिट मिळतात खरे, पण त्या सेलचा इतिहास विकणाऱ्यालाही ठाऊक नसतो. किती वेळा तापले, पाण्यात भिजले का, आपटले का? अशा पॅकवर मुलांना झोपवू नका.

एलएफपी घेताना दुकानातच करायच्या गोष्टी :

- वजन करा. १०० एएचचा एक चांगला सेल साधारण दोन किलोचा असतो. अशा चार सेलवर पेटी आणि बीएमएस आली की दहा किलोच्या आसपास किंवा पुढे जायलाच हवं. सहा-सात किलोची 'शंभर एएच' बॅटरी असूच शकत नाही.
- बीएमएस किती अँपिअरची आहे ते लेखी घ्या. तुमच्या सगळ्यात मोठ्या उपकरणाचा करंट त्याखाली बसला पाहिजे.
- शून्य अंशाखाली चार्जिंग बंद करण्याची सोय आहे का ते विचारा. महाराष्ट्रात याची गरज नाही. पण स्पीती-लडाखला जायचं असेल तर आहे. गोठणबिंदूखाली एलएफपी चार्ज केली की सेलच्या आत धातुरूप लिथियम साचतं आणि बॅटरी कायमची बिघडते. पहाटेच्या कडाक्यात छतावर ऊन पडलं की पॅनल तेच करायला जातं.
- घरी आणल्यावर एकदा पूर्ण रिकामी करून मोजा. पूर्ण चार्ज करून सुमारे १२० वॅटचा १२ व्होल्टचा लोड सलग लावा. १०० एएचची बॅटरी दहा तासांच्या आसपास टिकली पाहिजे. सहा तासांत बसली तर बिल घेऊन परत जा.

पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणून मिळणारी पेटी छोट्या गाडीला आणि अधूनमधून जाणाऱ्यांना खरोखर सोयीची. किंमत जास्त, पण जोडणी कारखान्यात झालेली असते. तिच्यावर बीआयएसचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा आणि 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून बघा.

आणखी एक. घरचा जुना इन्व्हर्टर एलएफपीला जोडून काम भागवायचा मोह अनेकांना होतो. ट्युब्युलरसाठी बनलेले काही चार्जर मधूनमधून १५ व्होल्टच्या वर जातात, आणि चार सेलच्या एलएफपीची कमाल मर्यादा १४.६ आहे. चार्जरवर लिथियमची निवड नसेल तर तो वापरू नका.

वायर आणि फ्यूज : आगीचं खरं घर

बॅटरीवर लाखभर खर्च करणारी माणसं वायरच्या दुकानात हात आखडतात. १२ व्होल्टमध्ये करंट फार मोठा असतो. १००० वॅटच्या इन्व्हर्टरला सुमारे ९० अँपिअर लागतात, म्हणजे ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल. २००० वॅटला १८० च्या आसपास अँपिअर आणि ७० चौरस मिलिमीटर. केबल जितकी आखूड तितकी बरी, म्हणून इन्व्हर्टर बॅटरीशेजारी ठेवा आणि लांब न्यायचीच तर २३० व्होल्टची वायर न्या. केबल घेताना एक तार चाकूने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात हवा, इन्व्हर्टरजवळ नको. फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. केबल कुठे घासून पत्र्याला टेकली तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला वाचवणारं कुणीच नसतं. १००० वॅटला १२५ अँपिअरचा, २००० ला २०० ते २५० चा फ्यूज चालतो. एलएफपी शॉर्ट झाली की क्षणात हजारो अँपिअर सोडते, म्हणून तो करंट तोडण्याची क्षमता छापलेला क्लास-टी किंवा तत्सम फ्यूज घ्या. घरच्या वितरण पेटीतला एमसीबी इथे लावू नका. तो घरच्या प्रत्यावर्ती (एसी) करंटसाठी बनलेला असतो.

आता लगकडे बघू, कारण गडबड बहुतेक तिथेच होते. केबलच्या टोकाला बसणारी तांब्याची ती टोपी कितीतरी ठिकाणी हातोडीने चेपलेली किंवा पकडीने दाबलेली असते. बाहेरून चकचकीत दिसते, पण आत तारा आणि लग यांच्यात पोकळी राहते. त्या पोकळीत उष्णता तयार होते, तांबं काळं पडतं, रोध वाढतो आणि उष्णता अजून वाढते. हायड्रॉलिक क्रिम्परने दाबलेला लग षटकोनी दिसतो आणि जोर लावून ओढला तरी हलत नाही. तुमच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे हा क्रिम्पर नसेल तर केबल मापाने कापून, ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून लग बसवून आणा. जोडणी झाल्यावर मोठा लोड अर्धा तास चालवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने एकेक जोड बघा. शेजारच्या जोडापेक्षा एखादा बराच गरम असेल तर तो उघडा. पहिला घाट उतरून आल्यावर सगळे नट पुन्हा आवळा. कोकणात राहणाऱ्यांनी कथिलाचा मुलामा असलेले लग घ्यावेत, खाऱ्या हवेत साधं तांबं हिरवं पडायला वेळ लागत नाही.

आणि काम करताना हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा.

चार्जिंग : डायनॅमो, ऊन आणि दुसऱ्याचा सॉकेट

डायनॅमोवरून थेट एलएफपीला वायर नेऊ नका. ही बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते, डायनॅमो तापतो आणि गाडी उभी राहून इंजिन नुसतं चालू असेल तर त्याला वारंही मिळत नाही. बीएस-६ नंतरच्या बऱ्याच गाड्यांत डायनॅमोचं व्होल्टेज आपोआप कमी-जास्त होतं, तेही या बॅटरीला मानवत नाही. मध्ये डीसी-डीसी चार्जर हवाच. ३० अँपिअरचा चार्जर दोन तासांच्या प्रवासात सुमारे ८०० वॅट-तास भरतो. छोट्या गाडीला डायनॅमोची क्षमता बघून यापेक्षा लहान घ्या.

बॅटरी भरण्यासाठी इंजिन चालू ठेवून आत झोपणं हा तर जिवाशी खेळ. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

छतावर सपाट बसवलेलं २०० वॅटचं पॅनल एप्रिलच्या उन्हात दिवसाला ७०० वॅट-तासांच्या आसपास देतं, जुलैत याच्या एका तुकड्यावर समाधान मानावं लागतं. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. कोकणात पोचलो की प्रत्येक जण गाडी सुरूच्या बनात लावतो आणि लावलीच पाहिजे, नाहीतर आत बसवत नाही. पण पॅनलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी उत्पादन सावलीच्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त घटतं. गाडी सावलीत आणि पॅनल उन्हात हवं असेल तर घडीचं, लांब वायरचं पॅनल घ्या. पॅनल आणि बॅटरी यांच्यामधल्या चार्ज नियंत्रकाला जोडताना आधी बॅटरी लावा, नंतर पॅनल. काढताना याच्या उलट.

२३० व्होल्टचा सॉकेट मिळाला तर आनंदच, पण घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी अर्थिंग असेलच असं नाही. सॉकेट टेस्टर जवळ बाळगा. गाडीच्या आत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. एक्स्टेन्शनची गुंडाळी पूर्ण सोडा, गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते.

बॅटरी कुठे ठेवायची

बिछाना आणि दार यांच्या मध्ये नाही, एवढं आधी ठरवा. काही झालं तर बाहेर पडायची वाट तिने अडवता कामा नये. पट्ट्यांनी किंवा चौकटीने जखडून बांधा, कारण करकचून ब्रेक लागला की वीस किलोची बॅटरी पुढच्या सीटपर्यंत येते. तिच्यावर गाद्या-उशा रचू नका.

अकोला-नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडी उन्हात उभी राहिली की आतलं तापमान बॅटरीला सोसवेल त्यापलीकडे जातं. तेवढ्या उष्म्यात बरेच बीएमएस चार्जिंग थांबवतात. बॅटरी बिघडली असं समजून दुकानदाराला फोन करण्याआधी तिला थंड होऊ द्या. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर बॅटरी साधारण निम्मी भरून, सगळ्या जोडण्या तोडून ठेवा.

किती वीज उरली हे व्होल्टवरून ओळखायला जाऊ नका. एलएफपी बहुतेक वेळ १३.२ च्या आसपासच दाखवते आणि मग एकदम बसते. आत-बाहेर जाणारा करंट मोजणारं, शंट लावलेलं मीटर घ्या.

धूर, वास किंवा फुगवटा दिसला तर

- गाडी थांबवा आणि सगळ्यांना लगेच बाहेर काढा. सामानासाठी परत आत जाऊ नका. हा धूर विषारी असतो आणि बंद जागेत पेटूही शकतो.
- बॅटरी उचलून बाहेर काढायचा पराक्रम करू नका.
- १०१ किंवा ११२ ला फोन करा आणि लिथियम बॅटरी आहे हे आवर्जून सांगा.
- पावडरचा सिलिंडर जळणाऱ्या वायरवर, पडद्यावर उपयोगी पडतो. पेटलेल्या सेलना थंड करायला भरपूर पाणी लागतं आणि तेही लांबून. विझल्यासारखी वाटणारी बॅटरी तासांनंतर पुन्हा पेटू शकते.

झोपायच्या जागेजवळ धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. दोन्ही छोट्या सेलवर चालतात.

आरटीओ, विमा आणि तुमचे हक्क

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच बाजू ठामपणे उचलून धरली. त्यामुळे बाहेर काढून ठेवता येणारी पेटी आणि पत्रा कापून, वेल्डिंग करून बसवलेली रचना यांत फरक आहे. कायमचा बदल करायचा असेल तर काम सुरू करण्याआधी आरटीओकडून लेखी परवानगी घ्या. 'सगळे करतात' हे उत्तर रस्त्यावर चालत नाही. तयार कॅम्पर व्हॅन घेत असाल तर नोंदणी पुस्तकात ती कॅम्पर व्हॅन किंवा मोटर कॅराव्हॅन म्हणून आहे का ते बघा.

विमा कंपनीला बसवलेल्या विद्युत उपकरणांची किंमत लेखी कळवा आणि थोडा जादा हप्ता भरून पॉलिसीत नोंद करून घ्या. न कळवलेल्या वायरिंगमुळे आग लागली तर दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, तेव्हापासून भाड्याच्या कॅराव्हॅनचीही चौकशी वाढली आहे. भाड्याने घेताना निघण्यापूर्वी तीन गोष्टी दाखवायला सांगा : मुख्य फ्यूज, बॅटरी तोडायचा स्विच आणि विझवण्याचा सिलिंडर, त्याच्या मुदतीच्या तारखेसकट. चालकाला यांतलं काहीच सापडत नसेल तर दुसरी गाडी मागणं हा तुमचा हक्क आहे.

वापरून झालेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. लिथियमसाठी ही सोय कुठे आहे हे खरेदीच्या वेळीच विचारून घ्या.

बॅटरी छापलेल्या क्षमतेची निघाली नाही आणि विक्रेता दाद देत नसेल तर आधी लेखी तक्रार करा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, ऑनलाइनही करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. सोबत अनुक्रमांक लिहिलेलं बिल, काट्यावर ठेवलेल्या बॅटरीचा फोटो आणि पहिल्या चाचणीचे आकडे जोडा. बिलावर अनुक्रमांक नसेल तर दुकानातून निघण्याआधीच तो लिहून घ्या.